नाही म्हणणारी स्क्रीन

यंत्राला झोपवणं हे काकूंचं काम. ऑफिसात त्यांना सगळे काकूच म्हणत, कारण मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागलेल्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांचे साहेबसुद्धा त्यांच्याहून बरेच लहान होते.

घरी सासूबाईंना हे काम काही केल्या पटत नसे.

"त्या डब्याला झोपवायला पगार देतात? आम्ही एवढी पोरं झोपवली, कोणी चहाला विचारलं नाही."

"डबा नाही हो आई, टॅब. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या हातात असतो ना, तो. झाकण लावलं की त्याने झोपायचं, उघडलं की उठायचं. नाहीतर दुपारपर्यंत बॅटरी संपते."

"मग लावा की झाकण."

झाकण लावून भागलं असतं तर काकूंना नोकरीच मिळाली नसती. टॅबच्या आत कॅमेरा, स्पीकर, टचस्क्रीन अशी बरीच बिऱ्हाडं असतात आणि त्या सगळ्यांवर कर्नेल नावाच्या मुख्य प्रोग्रॅमची देखरेख असते. कर्नेलचा एक नेम आहे, तो कधी चुकत नाही. झोपायची वेळ झाली की तो प्रत्येकाच्या दाराशी जाऊन सांगतो, आवरा, आता वीज जाणार. प्रत्येकाच्या वतीने बोलायला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो आवराआवर करतो आणि शून्य परत पाठवतो. शून्य म्हणजे 'झालं'. ज्याच्या आधारावर दुसरा कोणी उभा आहे, त्याने मात्र सर्वांत शेवटी पडायचं. आधी लेकरं, मग आई. आणि एकानेही 'नाही' म्हटलं, की झोपलेल्या सगळ्यांना हलवून जागं करायचं आणि झोप रद्द. एवढा मान कर्नेल प्रत्येकाच्या शब्दाला देतो. माणसांच्या ऑफिसात एवढा मिळत नाही.

काकूंच्या वाट्याला टचस्क्रीन होती. टॅबच्या आतला नवा सर्किट बोर्ड आला आणि ती 'नाही' म्हणू लागली.

"काकू, सगळे गुपचूप झोपतात, तुमचाच नन्नाचा पाढा," साहेब म्हणाले. "परवा नर्सेसच्या मेट्रनबाई टॅब बघायला येताहेत. आणि तुम्हाला कायम करायचं की नाही, तेही मला याच आठवड्यात कळवायचंय. दोन्ही एकदम आलंय, बघा."

"साहेब, मी स्क्रीनला 'झोप' असा निरोप पाठवते, तो पोचतच नाही. म्हणून ड्रायव्हर नाही म्हणतो. नव्या बोर्डाचा सर्किट डायग्राम बघायला मिळाला तर..."

"डायग्राम कशाला? तो मी स्वतः काढलाय. इतक्या लहान जागेत एवढं बसवणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. तुम्ही असं करा, निरोप पोचो न पोचो, शून्य पाठवून द्या."

"पण ती जागी राहील."

"राहू दे की. झाकणाखाली कोण बघतंय?"

"बघते," काकू म्हणाल्या. त्यांचं 'बघते' म्हणजे 'नाही', हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

शेजारच्या टेबलावर होयबा बसे. हे नाव त्याला ऑफिसनेच दिलं होतं आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर त्याच्याकडे होता.

"एका ओळीचा प्रश्न आहे, काकू. घाला आणि कायम व्हा. देवाला काय पडलंय शून्य गेलं की आणखी काही?"

"देवाचं मी कुठून सांगणार? बॅटरीला पडलंय."

मेट्रनबाई आल्या त्या दिवशी सकाळपर्यंत स्क्रीन 'नाही'च म्हणत होती. काकू जेवायला गेल्या, हात धुऊन परत आल्या, तर साहेबांच्या केबिनमध्ये मेट्रनबाई टॅबचं झाकण लावत होत्या. कडेचा हिरवा दिवा विझला.

"झोपला?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"गाढ," साहेब म्हणाले.

बाईंनी टॅब पिशवीत घातला आणि वापरून बघते म्हणून घेऊन गेल्या. काकू मात्र दारात तशाच उभ्या. औषधाशिवाय बरं झालेलं दुखणं माणसाचं असेल तर हात जोडावेत. प्रोग्रॅमचं असेल तर फाइल उघडावी. त्यांनी उघडली. तिथे नवी ओळ होती: निरोप गेला नाही तरी शून्य. ओळीवर नाव काकूंचं, कारण ती त्यांच्याच मशीनवरून, त्या जेवत असताना, घातलेली होती.

"तुमचंच भलं केलं," होयबा हळूच म्हणाला.

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही 'बघते' म्हणाला असता."

म्हणजे ऑफिसातही एकाला ठाऊक होतं.

तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी काकूंनी ऐकलं. याला म्हणतात लवचीकपणा. काकू, तुम्ही आजपासून कायम." टाळ्या झाल्या. होयबाने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

काकू केबिनमध्ये गेल्या. त्यांचा आवाज मुळातच लहान, तो अशा वेळी आणखी लहान होई.

"साहेब, ती ओळ माझी नाही."

"तुमच्या नावावर आहे."

"माझ्या मशीनवरून दुसऱ्याने घातली. ती मी आत्ता काढली, पण टॅब बाईंबरोबर गेला. तो झोपलेला नाही, झोपलोय म्हणून सांगतोय. त्यांना फोन करायला हवा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बघा, हाच तो विनय. केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा घेत नाही तुम्ही."

"केलेलंच नाही हो. आणि मला कायम केलंय ते त्या ओळीसाठी असेल तर ते परत घ्या."

"अहो, किती कमीपणा घ्याल?" साहेब कौतुकाने म्हणाले. संध्याकाळपर्यंत हा किस्सा त्यांनी तिघाचौघांना सांगितला. फोन कोणीच केला नाही. काकूंजवळ नंबर नव्हता. मागितला, तर साहेब म्हणाले की गिऱ्हाइकाशी ते स्वतःच बोलतात.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईच आल्या. टॅब त्यांनी टेबलावर ठेवला, तो उकडलेल्या बटाट्यासारखा गरम.

"पिशवीत याच्यावर औषधांचे डबे होते. मलमाची ट्यूब पातळ झाली. आत्ता एका आजोबांचं ब्लड प्रेशर लिहायला काढला, तर हा मेलेला. आजोबा मला म्हणाले, आधी याचं बघा, मी थांबतो."

साहेब वळले. "काकू, ही तुमची ओळ."

"मी कालच म्हटलं, माझी नाही."

"ते तुम्ही विनयाने म्हणालात."

काकूंनी होयबाकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याच्या कामात बुडालेला होता.

"तुमचं भांडण मागाहून करा," मेट्रनबाई म्हणाल्या. "हा झोपत का नाही, तेवढं सांगा."

"स्क्रीन जागी राहते, बाई. डब्यांनी झाकण दाबलं की तिला वाटतं बोट लागलं. ती सगळ्यांना उठवते. उठून बघतात तर कोणी नाही. पुन्हा आडवे होतात, पुन्हा दाब. दिवसभर हेच."

"बाळंतपणाच्या खोलीसारखं झालं," बाई म्हणाल्या.

"डायग्राममध्ये काही चूक नाहीये," साहेब म्हणाले आणि ते दाखवण्यासाठी त्यांनी तो एकदाचा मोठ्या पडद्यावर उघडला. काकू जवळ गेल्या. आधी त्या भलत्याच तारेमागे गेल्या आणि स्पीकरपाशी पोचल्या. साहेबांना बरं वाटलं. मग त्या परत फिरल्या, बोट ठेवून पुन्हा निघाल्या आणि एका चिमुकल्या चिपपाशी थांबल्या. स्क्रीनचा निरोप त्या चिपमधून जात होता आणि चिपला वीज कॅमेऱ्याची होती. जागा वाचावी म्हणून.

"कॅमेरा झोपताना आपली वीज बंद करतो," काकू म्हणाल्या. "मग माझ्या निरोपाची वाटच बंद होते. ही वीज दोघांची आहे, साहेब. कर्नेल समजतो एकट्या कॅमेऱ्याची."

"हे कर्नेलला सांगितलं नाही कोणी?" साहेबांनी विचारलं.

"आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला सांगितलं असतं."

साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "बघा," ते मेट्रनबाईंना म्हणाले, "डायग्राममध्ये सगळं स्पष्ट होतं."

कर्नेल बोर्डाचं जे वर्णन वाचतो, त्यात काकूंनी लिहिलं, की ही वीज स्क्रीनचीही आहे आणि दोघं आवरल्याशिवाय बंद करायची नाही. टॅब चार्ज करून त्यावर नवा प्रोग्रॅम चढवला, झाकण लावलं, वर डबे ठेवले. मेट्रनबाईंनी चहा संपवून डब्यांखाली हात घातला. टॅब गार होता. त्या तो घेऊन गेल्या.

"छान," साहेब म्हणाले. "आता ती शून्याची ओळ पुन्हा घालून ठेवा. अडीअडचणीला असावी."

"नाही घालणार, साहेब."

"आणि उद्या ती पुन्हा नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणाली हे आपल्याला कळेल."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "तुम्ही आता अडवायला लागलात, काकू. कायम केलं की माणसं बदलतात, ते हेच."

होयबाने मान डोलावली.