एका ओळीचा आडोसा

सचिवांनी मसुद्यातल्या त्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि पान उलटलं. बाकीच्यांनीही आपापली पानं उलटली. मसुदा तयार करणाऱ्या अधिकारी बाईने मात्र आपलं पान तसंच उघडं ठेवलं.

"साहेब, ही ओळ राहायला हवी," ती म्हणाली.

राज्याचं लठ्ठपणा प्रतिबंध आणि उपचार धोरण ठरत होतं. शाळेच्या आवारात गोड पेयं विकायची नाहीत, मोहल्ल्यामोहल्ल्यात चालायला वाटा करायच्या, प्रत्येक सरकारी रुग्णालयात वेगळा उपचार विभाग काढायचा, अशी कलमं भराभर मंजूर झाली होती. अडलं होतं ते एका वाक्यावर. 'रुग्णाचे वजन पडद्याआड घ्यावे व आकडा मोठ्याने उच्चारू नये.'

वित्त विभागाचे सदस्य म्हणाले की हे धोरण आहे, घर लावायची यादी नव्हे; उद्या उशांचे अभ्रेही यात घालाल. सगळे हसले. सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, की अशी एखादी तक्रार विभागाकडे आली आहे का. असेल तर एक तरी रुग्ण सांगा.

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागितली.

ते उत्तर म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेल्यावर ताईनेच हिला वाढवलं, वेण्या घातल्या, परीक्षांना नेऊन सोडलं. ही चाळिशी ओलांडून गेली तरी ताईच्या तोंडी अजून 'धाकटी'च होती. ताईचं शरीर पहिल्यापासून भरलेलं. स्वतःवरच विनोद करून ती चारचौघांना हसवायची. पण गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखर वाढली, तेव्हा धाकटीने तिला बळेबळे रुग्णालयात नेलं. तिथे वजनाचा काटा भर व्हरांड्यात, औषधांच्या रांगेला लागून. ताई काट्यावर चढली आणि कर्मचाऱ्याने आकडा पार खिडकीतल्या कारकुनापर्यंत ऐकू जाईल असा पुकारला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सांभाळा, काटा सरकारी आहे." रांग हसली. विनोदावर नेहमी आधी हसणारी ताई त्या दिवशी हसली नाही. खाली उतरून तिने चपला घातल्या, घरी गॅस चालू राहिलाय असं काहीतरी पुटपुटली आणि डॉक्टरांना न भेटताच बाहेर पडली. त्यानंतर तिने रुग्णालयाची पायरी चढली नाही. वर धाकटीकडून वचन घेतलं, की हे कुणाजवळ बोलायचं नाही. तुझ्या ऑफिसात तर मुळीच नाही.

पुढच्या बैठकीला सदस्य आले तेव्हा सभागृहाच्या दाराशी वजनाचा काटा ठेवलेला होता. काट्याशेजारी विभागातले सर्वांत खड्या आवाजाचे शिपाई उभे होते. दार सताड उघडं. बाहेरच्या बाकांवर कामासाठी आलेली माणसं बसली होती, टंकलेखक बायका चहा घेत होत्या.

वजनाचं धोरण आहे, तेव्हा आधी आपल्या सर्वांची वजनं घेऊ, असं तिने नम्रपणे सुचवलं. आकडा शिपाईमामा वाचतील.

आधी थट्टामस्करी झाली. आरोग्य संचालक शिडशिडीत होते, ते हसत चढले. शिपायांनी आकडा असा पुकारला की बाकांवरची माणसं माना वळवून बघू लागली. मग पुढे कुणी येईना. वित्त विभागाच्या सदस्यांना नेमका तेव्हाच फोन आला. शेवटी सचिव उठले. भिंतीला हात टेकून त्यांनी एक बूट काढला. दाराबाहेर त्यांच्याच कार्यालयातल्या बायका कप हातात धरून थांबल्या होत्या. सचिवांनी त्यांच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि बूट परत पायात घातला.

"दार लावून घ्या," ते म्हणाले.

दार लागलं. सचिव तिच्याकडे वळले.

"इतक्या मोठ्याने वाचायला यांना तुम्ही सांगितलंत?"

"हो साहेब. रुग्णालयात सांगावं लागत नाही."

नोकरीवर गदा येईल, निदान बदली तरी होईल, हे तिने गृहीत धरलं होतं. सचिवांनी मसुदा ओढून घेतला, ती ओळ शोधली आणि लाल रेघेवर 'कायम' असं लिहिलं. पुन्हा असला प्रकार नको, एवढंच वर बजावलं. पुन्हा करणार नाही, असं ती म्हणाली. त्या दिवशी घरी जाताना ती बसमधून दोन थांबे आधीच उतरली आणि उरलेला रस्ता ताठ मानेने चालत गेली.

धोरण जाहीर झालं. वर्तमानपत्रांनी गोड पेयांवर रकाने भरले. पडद्याचा उल्लेख कुठेच नव्हता. घरी तिने अवाक्षर काढलं नाही. नवे विभाग सुरू झाले तेव्हा फक्त ताईच्या मागे लागली. ताईने पुष्कळ आढेवेढे घेतले. अखेर एकदा जिना उतरताना मध्येच बसावं लागलं, तेव्हा ती कबूल झाली.

विभागाची खोली लहान होती, पण रुंद, बिनहातांच्या खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात जाड निळा पडदा. परिचारिकेने ताईला आत नेलं. धाकटी कान देऊन बसली. आतून हलक्या आवाजातलं बोलणं आलं, मग ताईचं हसणं. ताई बाहेर आली, डॉक्टरांकडे गेली, औषधं समजून घेऊन परतली. आकडा धाकटीने विचारला नाही.

निघताना रांगेतली एक तरुण, जाडजूड मुलगी पोटाशी पिशवी घट्ट धरून उठली आणि दाराकडे वळली. ताईने तिचं मनगट धरलं.

"बस गं. इथे कुणी ओरडत नाही. पडदा आहे."

मुलगी गोंधळून बघत राहिली.

"नियमच आहे तसा," ताईने हनुवटीने धाकटीकडे खूण केली. "हिने लिहिलाय. माझी बहीण आहे."

"तुला कुणी सांगितलं?" धाकटीने हळूच विचारलं.

"त्या दिवशी माझ्याबरोबर दुसरं कोण होतं?"

धाकटीने चष्मा काढून पुसला. मग ऑफिसला उशीर होतोय, निघू या, असं म्हणाली. ताई तोवर त्या मुलीशेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसली होती.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "हिचं होईपर्यंत मी थांबते."