वरून दोन चमचे

डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला आणि एका आकड्यावर पेन टेकवलं.

"रक्तात औषध जवळपास नाहीच. हे कॅप्सूल घेतच नाहीत, बाई."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चाकाच्या खुर्चीत तो कॉपी करताना पकडल्यासारखा बसला होता. त्याच्या कृत्रिम गुडघ्याला आतून बुरशीचा संसर्ग झाला होता. तो गुडघा काढून तिथे औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवला, त्याला सात महिने झाले. बुरशी मेली की नवा गुडघा बसणार होता, आणि आज त्याचीच तारीख घ्यायला दोघं आली होती.

"घेत नाहीत कसे? मी स्वतः देते!" तिचा आवाज चढला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणारी बाई ती, एक टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवणारी. तिच्या कामात कोणी खोट काढावी म्हणजे काय! तिने पर्समधून कॅप्सूलच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला.

डॉक्टरांचा सूर उतरला.

"यासोबत दुसरं काही औषध देता?"

"औषध कुठलंच नाही. कॅप्सूलने यांच्या पोटात आग पडते ना, म्हणून वरून ते ॲसिडिटीचं पांढरं पातळ देते, दोन चमचे. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही कॅप्सूल पोटातल्या आम्लातच विरघळते, त्यांनी सावकाश सांगितलं. आम्लच मारून टाकलं तर ती रक्तात उतरत नाही, तशीच निघून जाते. बुरशी जिवंत आहे आणि आता हाडात शिरली आहे. आजच भरती करून शिरेतून औषध सुरू करावं लागेल.

"पाय वाचवायचा प्रयत्न करू," ते म्हणाले. नव्या गुडघ्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

सात महिने, रोज, आपल्याच हाताने! रडायला यायला हवं होतं, पण येईना.

"पातळ मीच मागायचो," नवरा म्हणाला. "हिला काही बोलू नका."

बाहेर बाकावर भरतीच्या कागदांची वाट बघताना तिला कंठ फुटला.

"खोटं कशाला बोललात? तुम्ही कधी मागितलंत? उलट नको नको म्हणायचात."

तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

"पोटात आग पडतच नव्हती."

"काय?"

"कधीच नाही. पहिल्या दिवशी आपलं सहज बोलून गेलो. तू मशीन सोडून आलीस, पाठीवर हात फिरवत बसलीस. चांगला अर्धा तास. मग रोजच म्हणत गेलो."

समोरून स्ट्रेचर आलं, तरी पाय मागे घ्यायचं तिला सुचलं नाही. वॉर्डबॉयनेच ते वळवून नेलं.

"अहो, पाय जाईल तुमचा!" ती कशीबशी म्हणाली. "नुसतं ये म्हणाला असतात, तरी आले असते मी."

"नसतीस आलीस," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "ऑर्डरी होत्या ना तुझ्या."

आले असते, असं पुन्हा म्हणण्याऐवजी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.