मानाची पहिली रांग

कानामागे अडकवायचं, शेंगदाण्याएवढं एक जुनं यंत्र आहे मी. दुकानदार मला श्रवणयंत्र म्हणाला होता. आण्णा मात्र नुसतं 'मशीन' म्हणत. मित्रांनो, माझी गोष्ट म्हणजे त्यांच्या उजव्या कानाचीच गोष्ट आहे.

आण्णा मूळचे मोहोळचे. तरुणपणी ते तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत तोफेशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा राहिला. त्या अर्ध्या कानात सोलापूरच्या दुकानदाराने मला बसवलं. पहिल्या दिवशी आण्णा घरी आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. त्यांची मुलगी वैजयंती भाकरी थापत होती. "लई दिसांनी भाकरी ऐकली," ते म्हणाले. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

वैजयंती रोज मला मऊ फडक्याने पुसायची, बॅटरी बघायची. पुढे माझ्या आवाजात खरखर आली. नवं घेऊया, असं ती म्हणाली, पण आण्णांनी ऐकलं नाही.

आण्णा खुर्चीत पेंगले की कधीकधी एक नाव घेत. "येडू, खाली बस." जागे झाल्यावर वैजयंती विचारायची, येडू कोण? "हुता एक. करकंबचा." लहानपणापासून तिला एवढंच उत्तर मिळालं होतं.

यंदा म्हाताऱ्या सैनिकांवरचा एक सिनेमा लागला. शेवटी त्यातला म्हातारा आपल्या मुलीला लढाईत मागे राहिलेल्या सोबत्याची हकीकत सांगतो, असं वैजयंतीने वाचलं होतं. तो प्रसंग बघून आण्णाही बोलतील, अशी तिला आशा होती. गल्लीतल्या तरुण मंडळाने माजी सैनिकांना आमंत्रण दिलं, तेव्हा ती आनंदाने त्यांना घेऊन गेली.

थिएटरात सत्कार झाला. खांद्यावर सोलापुरी चादर, हातात नारळ, डोक्याला भगवा फेटा. फेटा इतका घट्ट की मी त्याखाली पार झाकून गेलो. मग सैनिकांना अगदी पहिल्या रांगेत नेलं. मागे बसलेलं बरं, असं वैजयंतीने हळूच सुचवलं. मंडळाचा सोमेश हात जोडून म्हणाला, "ताई, मानाची माणसं मागं बसवली तर लोक आमाला काय म्हणतील?"

त्याचं मन साफ होतं. पण पहिल्या रांगेत पडदा डोक्यावर येतो आणि स्पीकर छातीशी.

सुरुवातीला आण्णांचे मित्र बसप्पा मजेत होते. "ह्यो गडी बंदूक धरतोय का खुरपं?" असं ते म्हणाले आणि आण्णा हसले. मग पडद्यावर तोफा सुरू झाल्या. मित्रांनो, मला आवाज मोठा करता येतो. कोणता आवाज माणसाला नको आहे, ते मला ओळखता येत नाही. मी ती प्रत्येक तोफ आण्णांच्या कानात जशीच्या तशी सोडली. त्यांनी फेट्यात बोट घातलं, मला ओढून काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. ते फेटा सैल करत आहेत, असं वैजयंतीला वाटलं.

मला बंद करायचं मात्र ते विसरले. खिशातून मला सगळं थिएटर ऐकू येत होतं. तोफांवर शिट्ट्या पडल्या. तोफा थांबून पडद्यावर नुसती म्हातारी माणसं बोलू लागली, तसे लोक चुळबुळले. मागे कोणीतरी म्हणालं, "आता काय नुसतं रडगाणंच हाय." खुर्च्या वाजल्या, काही जण उठून गेले. एक बाई मात्र शेवटपर्यंत हुंदके देत होती.

मग तो प्रसंग आला. पडद्यावरचा म्हातारा मुलीशी बोलू लागला. आण्णांना एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, ते फक्त त्याचा चेहरा बघत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. वैजयंतीने ते पाहिलं. ती त्यांच्या उजव्या कानाशी झुकली.

"आण्णा, येडूकाकांचं काय झालं हो?"

मी ऐकलं, मित्रांनो. चादरीखाली, खिशाच्या तळाशी मी ते स्पष्ट ऐकलं. पण ते पोचवायला मला कान हवा होता. आण्णा समोर बघत राहिले. वैजयंतीने मान फिरवली. त्यांना सांगायचं नाही, असं तिला वाटलं.

दिवे लागल्यावर सोमेश मोबाईल घेऊन सगळ्यांना सिनेमा कसा वाटला ते विचारत फिरू लागला. आण्णांनी मला खिशातून काढून कानात घातलं, तेव्हा कुठे वैजयंतीच्या सारं लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. आण्णांनीच विचारलं, "मगाशी काय म्हणत हुतीस गं?"

भोवती माणसं होती, मोबाईल समोर होता. "पाणी हवं का, विचारत होते," ती म्हणाली. घरी गेल्यावर निवांत विचारू, असं तिने ठरवलं असावं.

घरी पाहुणे होते. मग आण्णांना ताप आला. दवाखान्यात नर्सने मला काढलं आणि घड्याळासोबत वैजयंतीच्या हातात दिलं. मला त्यांच्या कानात परत कोणी घातलं नाही. चौथ्या दिवशी आण्णा गेले.

आता मी कपाटात आहे. वैजयंती अजूनही अधूनमधून मला पुसते, का ते तिलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मान देण्याआधी, कुठं बसायचं म्हणता, एवढं त्यालाच विचारा. आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर त्याने नकार दिला असं समजू नका. समोर बसा, कानात यंत्र आहे का बघा, आणि तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारा.