बॅरोवरच्या तीन घिरट्या

"बेल्ट काढू नका, मॅम. धुकं फाटतंय का बघतो," पायलट डेल म्हणाला आणि त्यानं विमान तिसऱ्यांदा वळवलं.

शरयू निमकरांनी खिडकीला कपाळ टेकवलं. खाली नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याखाली बॅरो गाव होतं आणि बॅरोत मृणालिनी.

कॉट्झब्यूच्या हॉस्पिटलात शरयूबाई रक्त-लघवी तपासायच्या. नवऱ्याबरोबर अलास्कात आल्या होत्या. जगन्नाथराव वारले, त्या नोकरीसाठी तिथेच राहिल्या. मराठी बोलायला गावात चिटपाखरू नव्हतं. मग १९८३ साली नरेंद्र नावाचा मराठी तरुण बॅरोच्या शाळेत गणित शिकवायला आला. त्याच्या बायकोनं, मृणालिनीनं, कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला, "मावशी म्हटलं तर चालेल ना?" तेव्हापासून वर्षभर, दर रविवारी दुपारी, फोन. दोघींनी एकमेकींचं तोंड मात्र पाहिलं नव्हतं.

आता मृणालिनीला आठवा लागला होता. "इथे कोण करणार हो माझं डोहाळजेवण!" असं ती हसत म्हणाली खरी, पण त्याच फोनवर दोनदा म्हणाली. शुक्रवारी ती बाळंतपणासाठी अँकरेजला निघणार होती आणि तिथून परस्पर अलास्का सोडून बेलव्ह्यूला, नरेंद्रच्या नव्या नोकरीच्या गावी.

कॉट्झब्यू ते बॅरो सरळ रेषेत तीनशे चाळीस मैल, दोन तास. पण तसं रोजचं विमानच नव्हतं. तिकीट काढून जायचं तर अँकरेज, फेअरबँक्स असा तेराशे मैलांचा वळसा. रजा मिळाली एका दिवसाची. डेल यंत्रांचे भाग घेऊन बॅरोला निघाला होता. शरयूबाईंनी त्याच्या मिनतवाऱ्या केल्या आणि मृणालिनीच्या डोहाळजेवणाची साडी नि साटोऱ्यांचा डबा घेऊन त्या विमानात बसल्या.

"पेट्रोल परतीपुरतंच उरलंय. सॉरी, मॅम," तिसरी घिरटी संपताना डेल म्हणाला.

"अजून एकदा?"

डेलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. विमान दक्षिणेला वळलं.

अर्ध्या वाटेत शरयूबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "पार्टीचं आहे. खा." त्यानं दोन खाल्ल्या. त्यांनी एकही नाही.

साडेचार तास उडून त्या जिथून निघाल्या तिथेच उतरल्या. घरी येऊन बूटही न काढता त्यांनी फोन लावला.

"मावशी, आवाज ऐकला मी! तीनदा डोक्यावरून गेलं. मी बाहेर उभी राहून हात हलवत होते."

"एवढ्या थंडीत? वेड लागलंय का? टोपी तरी घातली होतीस?"

"नरेंद्रनं घातली. त्यानं सगळं रेडी केलं होतं हो. लाकडी फळीचा पाट, भोवती मैद्याची रांगोळी."

"साडी आणि डबा पोस्टानं टाकते. अँकरेजच्या पत्त्यावर."

"हं."

तारेवर नुसती खरखर. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मावशी, तुम्ही काय नेसून निघाला होतात?"

शरयूबाईंनी खाली पाहिलं. "इरकली. जांभळी."

"पदर कसाय?"

त्यांनी रिसीव्हर मानेत धरला, जाड कोटाची चेन खाली ओढली आणि बर्फात घालायच्या विजारीत कोंबलेला, चुरगळलेला पदर बाहेर काढला. टेबलावर पसरून हातानं सारखा केला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "लाल आहे. मध्ये पांढरे पट्टे, थांब हं, मोजते…"