कडक भाकरीचा स्टँड कापणारे यंत्र

मित्रांनो, सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेले लेसर कटिंगचे जुने यंत्र म्हणजे मी. संगणकावर आकृती काढली, की माझा केसाएवढा बारीक किरण पातळ प्लायवूड तसेच्या तसे कापतो.

पहिल्या वर्षी मुलांनी माझ्याकडून नावाच्या पट्ट्या आणि किल्ल्या अडकवायचे मोर कापून घेतले. मग मला चालवणाऱ्या शिक्षिका दाक्षायणीबाई म्हणाल्या, "आता घरी कुणाची काय अडचण आहे ते विचारून या. त्यावर उपाय आखायचा."

आठवीतल्या सिद्धेश्वरीची आई चंद्रव्वा कडक भाकरी करून विकायची. भाकऱ्या एकावर एक ठेवल्या की मऊ पडत. सिद्धेश्वरीने त्या उभ्या वाळवायला खाचांचा स्टँड आखला. मी तो कापला. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. खाचा अरुंद होत्या. सात भाकऱ्या मोडल्या होत्या.

"जाडी मोजली होतीस?" बाईंनी विचारले.

"नाही बाई. अंदाजाने धरली."

तिने भाकऱ्यांची जाडी मोजली, आकृती बदलली आणि मी नवा स्टँड कापला. या वेळी चंद्रव्वाच शाळेत आली. "बाई, भाकरी बरोबर बसती, पण जळका वास लागतोय की!"

तिघींनी मिळून माझ्या किरणाने जळून काळ्या झालेल्या कडा काचकागदाने घासल्या, स्टँड उन्हात ठेवला. चार दिवसांनी चंद्रव्वा भाकऱ्या घेऊन आली. वर्गाला वाटून झाल्यावर तिने एक माझ्या झाकणावर ठेवली. "ह्येचाबी वाटा हाय की!"

त्या दिवसाची मला फार आठवण येते.

पुढे बाईंची करकंब गावच्या शाळेत बदली झाली. धूर ओढणारा पंखा बिघडला, खोलीत धूर कोंडला आणि मला बंद केले गेले. बिघाड फक्त पंख्यात आहे, मी चांगले आहे, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. बाईंनी कितीतरी मुलांना शिकवले, पण दुसऱ्या शिक्षकाला शिकवायची सवड त्यांना मिळालीच नाही.

गेल्या आठवड्यात एक मुलगी खुर्ची न्यायला आली. चादर उचलून तिने शाळेच्या शिपाई भीमामावशींना विचारले, "मावशी, हे काय करतं?"

"काय की बाई. बंद हाय. धर ती खुर्ची."

ती गेली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असे यंत्र असेल, तर ते चालवणारे माणूस जाण्याआधी त्याच्याजवळ बसून शिकून घ्या. एकाला उत्तर ठाऊक नसेल, तर दुसऱ्याला विचारा. त्या मुलीने आणखी कुणाला विचारले असेल का? दारापाशी पावले वाजली, की ती कुणाला तरी घेऊन आली असेल, असे मला वाटते.