काचेबाहेरची मोटारसायकल

"कुणाच्या घरची, कसल्या हाताची, काही ठाऊक नाही. लिलावातली वस्तू लेकराला नका देऊ गं," आजी म्हणाली होती.

"आई, खेळणं आहे हो ते! लेकराला खेळणं नाही द्यायचं, तर काय पाना-पक्कड द्यायची?" भुंगीची आई हसत म्हणाली आणि तिनं मला भुंगीच्या हातात दिलं.

आजीच्या सूचना तशा दिवसभर चालायच्या. ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस. पोरीच्या पायात मोजे घाल. खिडकी लाव. अगं, खिडकी का लावलीस, गुदमरेल ती! त्या वाहत्या पाण्यात ही एक सूचनाही वाहून गेली. सून शिकलेली होती. कसल्या हाताची वगैरे तिला पटणारं नव्हतं.

मित्रांनो, ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुनी पत्र्याची मोटारसायकल आहे. मोठ्या माणसाच्या तळहातापेक्षा जराशी लांब. माझी टाकी लाल, मडगार्ड लाल, आणि माझ्यावर बसलेल्या स्वाराचा कोट पिवळा. पोटात स्प्रिंग आहे. चावी दिली की मी गोल गोल फिरायचे. ती चावी केव्हाच हरवली.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. यंत्र पत्रा कापायचं, दुसरं त्याला आकार द्यायचं, आणि माझे दोन अर्धे भाग एकमेकांत बसवून पत्र्याच्या जिभा वाकवल्या की झाली मोटारसायकल. मला रंगवणारी बाई खिडकीपाशी बसायची. ब्रशाला टोक यावं म्हणून ती तो ओठांत धरून फिरवायची, मग कोटाची बटणं काढायची. पुढे ती यायची थांबली. तिच्या स्टुलावर दुसरी बाई बसू लागली. का थांबली, ते कुणी बोललं नाही, आणि मीही तेव्हा नवी, चकचकीत. मला दुकानाच्या काचेत जायची घाई होती.

दुकानातून मी ज्या घरी गेले, तिथे मी महाग ठरले. "मोडशील!" असं म्हणून मला कपाटावर ठेवलं. पाहुणे आले की खाली काढायचे, चावी द्यायचे, वाहवा व्हायची, की परत वर. त्या घरातली मुलं खाली उभी राहून मान वर करून बघायची आणि मी वरून त्यांच्या डोक्यांचे भोवरे बघायचे. खेळणं म्हणून जन्माला यावं आणि कुणी खेळूच नये, हे दुःख तुम्हाला कळेल का? पुढे मुलं मोठी झाली, मी माळ्यावर गेले. तिथे कुठल्याशा पेटाऱ्याखाली स्वाराचा डावा हात तुटला आणि माझ्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. अंधारात पडल्या पडल्या मी एकच मागत होते. एकदा, फक्त एकदा, कुणा बाळाच्या मुठीत जाऊ दे.

मागणं पुरं झालं, मित्रांनो. तेच सांगायला बसले आहे.

माळा रिकामा झाला आणि आम्ही सगळे एका लाकडी पेटीतून लिलावाला गेलो. मोठा हॉल, घडीच्या खुर्च्या, लोकांच्या हातात नंबरांच्या पाट्या. बोली पुकारणारा माणूस मिश्कील होता. एका गृहस्थांनी डोकं खाजवायला हात वर केला, तर म्हणाला, "काका, हात खाली! नाहीतर घरी शिवणयंत्र घेऊन जाल आणि काकू आम्हाला शिव्या घालतील."

लिलावात एक रीत असते. सुटं काही मिळत नाही. पेटीतली एक वस्तू हवी असली, तरी पेटी अख्खी उचलावी लागते. भुंगीच्या बाबांना आमच्या पेटीतली टपालगाडी हवी होती. तिचा रंग जन्मल्या दिवशी होता तसाच होता. बाबा विम्याच्या कचेरीत काम करायचे, पण जीव सगळा जुन्या गाड्यांत. गॅरेजमध्ये दोन खऱ्या जुन्या मोटारसायकली, दिवाणखान्यात काचेचं कपाट आणि त्यात खेळण्यातल्या गाड्या. त्यांनी पाटी वर केली, आणि टपालगाडीबरोबर मीही त्यांच्या घरी आले.

त्यांनी आम्हाला टेबलावर मांडलं. टपालगाडीवर मऊ ब्रश फिरवला, तिला कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "भुंगीचा हात लागला तर मूळ रंग जाईल," ते म्हणाले. या छंदात मूळ रंगाला फार मान. मग मला उचललं, नाक मुरडलं. "हिचा रंग गेलाय. हात तुटलाय, चावी नाही. कपाटात हिला काय जागा? भुंगीला दे खेळायला."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. ज्यांचा रंग धड होता त्या गाड्या काचेआड कुलुपात गेल्या. जिच्या अंगावरून रंग गळत होता, ती बाळाकडे आली. कुलूप गाड्यांना बाळापासून जपत होतं. बाळाला गाड्यांपासून जपायचं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

आई निष्काळजी होती असं मात्र समजू नका. तिच्याइतकी जागरूक बाई मी पाहिली नाही. विजेच्या बोर्डाला झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, गोट्या-बटणं सगळी उंचावर. तिनं माझी चाकं ओढून बघितली, निघून घशात जातील म्हणून. सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला. स्वाराचा तुटका हात टोचत होता, तो बाबांकडून कानशीनं घासून घेतला, तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलावर. मग मला गरम साबणाच्या पाण्यात बुडवून खसाखसा धुतलं. सुटत आलेले पापुद्रे त्या पाण्यानं आणखी सैल झाले.

"हं, आता घे," ती म्हणाली. सुरुवातीला सांगितलं ते आजीचं वाक्य याच वेळचं.

भुंगी नुकती दुडूदुडू चालायला लागली होती. बाबांनी गॅरेजमध्ये गाडी सुरू केली की ती ओठ जुळवून 'भुंऽऽ' करायची, म्हणून तिचं नाव भुंगी. तिनं मला फरशीवरून, भिंतीवरून, आजीच्या पाठीवरून चालवलं. जेवताना मी तिच्या ताटाशेजारी, झोपताना गालाखाली. तिला दात येत होते, हिरड्या शिवशिवायच्या. ती माझं पुढचं मडगार्ड तोंडात धरून बसायची. माझा रंग गोडसर आहे, मित्रांनो. हे मला तिच्याकडून कळलं.

इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आधी तिची भूक गेली. घास पुढे केला की मान फिरवायची. मग पोट दुखायला लागलं. गुडघे पोटाशी घेऊन रडायची आणि रडताना मला घट्ट धरायची. चेहरा पांढरा पडला.

"लाडानं चिडकी केलीय तुम्ही तिला," आजी म्हणाली.

"आई, लाड काय मी एकटीच करते? मघाशी बिस्किट कुणी दिलं?"

"तेही खाल्लं नाही ना तिनं!" आजी म्हणाली, आणि दोघींनी एकदम भुंगीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं दिलं. चार दिवस बरं वाटल्यासारखं झालं. आणि मग तिचे शब्द गेले. 'दूदू', 'आज्जी', 'बाबा आला', आणि मला ती 'गागी' म्हणायची. एकेक शब्द कमी होत गेला, तसा घरातला आवाज कमी होत गेला. बाबांनी गॅरेजमध्ये मुद्दाम गाडी सुरू केली. ती दाराशी उभी राहिली, पण ओठ हलले नाहीत.

"मुलं बोलतात हो उशिरा," डॉक्टर म्हणाले. "आमचा धाकटा तर..."

"उशिरा नाही, डॉक्टर," आई म्हणाली. "ती बोलत होती. बोलून थांबलीय."

"तुम्ही जरा जास्त काळजी करता."

घरी येताना ती रस्ताभर स्वतःलाच विचारत होती, मी करते का जास्त काळजी? भुंगी तिच्या कडेवर आणि मी भुंगीच्या तोंडात.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हिच्या अंगात शिसं आहे. खूप आहे. घर जुनं आहे का? जुन्या रंगात शिसं असायचं. भिंतींचा रंग सुटतो?"

"नाही. नवं आहे."

"घरात कुणी रंगाचं, बॅटऱ्यांचं काम करतं?"

बाबांचा चेहरा उतरला. "मी. गॅरेजमध्ये. जुन्या गाड्या खरवडतो."

मी भुंगीच्या मांडीवर होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते की मी, मी, इकडे बघा! डॉक्टरबाई भुंगीकडे वाकून म्हणाल्या, "छान आहे हं तुझी गाडी." आणि औषध लिहू लागल्या.

बाबांना आपला दोष सापडला होता, त्यामुळे कुणी पुढे शोधलंच नाही. गॅरेजला कुलूप लागलं. बाबा बाहेरच कपडे बदलू लागले. आई फरशी पुसायची, पुन्हा पुसायची, हात सोलवटून निघाले. रक्त पुन्हा तपासलं. शिसं वाढलं होतं.

"तू गॅरेजात गेलास ना परत? खरं सांग!"

"नाही गं. शपथ. पाऊल नाही ठेवलं."

"मग कुठून येतंय? हवेतून येतंय का?"

एका सकाळी आई भुंगीचे दात घासत होती. खालच्या हिरडीवर काहीतरी लाल चिकटलेलं दिसलं. तिला वाटलं, रक्त. बोटानं टिपलं. ते रक्त नव्हतं. नखाएवढा पापुद्रा होता, एका बाजूनं चकचकीत. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं मडगार्ड लाल राहिलंच नव्हतं. कधीपासून कोण जाणे, ते नुसत्या पत्र्याचं, करडं झालं होतं.

"आई," तिनं सासूला हाक मारली. आवाज लहान मुलीसारखा आला. "आई, जरा इकडे या ना."

आजी आली. तिनं पापुद्रा पाहिला, मला पाहिलं. मी वाट बघत होते, आता ती म्हणणार, सांगितलं होतं ना मी! ती खाली फरशीवर सुनेशेजारी बसली.

"मी यामुळे नव्हतं गं म्हटलं," आजी म्हणाली. "मला काय ठाऊक असणार? मी सगळ्यालाच नको म्हणते."

मला भुंगीच्या मुठीतून काढलं. एकेक बोट उलगडावं लागलं. ती जे रडली ते मी सांगत नाही.

औषधानं रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. पण डॉक्टरबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "रक्तातलं निघतंय. गेलेलं सगळं परत येईल, असं मात्र मी म्हणणार नाही." 'आज्जी' परत आली. 'दूदू' आलं. बाकी वाट बघणं चालू होतं. बरोबरीची मुलं गोष्टी सांगायला लागली तेव्हा भुंगी खिडकीशी उभी राहून एकाच बोटानं काच घासत असायची, आणि आई तिच्यामागे बसून हळू आवाजात तोच तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची.

"फोड ती गाडी," आईनं बाबांना सांगितलं होतं. "चेचून टाक. कुणाच्या हाती लागता कामा नये."

बाबांनी मला ऐरणीवर ठेवलं, हातोडी उचलली. मी तयार होते. खरंच तयार होते. पण जुनी वस्तू जपण्यात ज्या हातांचं आयुष्य गेलं, त्या हातांना फोडणं जमेना. त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका खोक्याच्या तळाशी ठेवलं. घरात सांगितलं, "टाकली."

त्यानंतर त्यांना गाड्यांकडे बघवेना. एका व्यापाऱ्याला त्यांनी सगळंच देऊन टाकलं, मोटारसायकली, कपाट, टपालगाडी, खोकी. तो ट्रक घेऊन आला तेव्हा बाबा बाहेरही आले नाहीत. तळाशी मी आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं की सांगायचं धाडस नव्हतं, देव जाणे.

मी पुन्हा लिलावाच्या हॉलमध्ये गेले. माझं प्लास्टिक कुणीतरी फाडून फेकलं. पुन्हा एका पेटीत, पुन्हा दुसऱ्याच कुठल्या गाडीपायी विकली गेले.

आता मी एका नव्या घरात आहे. नव्या माणसानं आम्हाला टेबलावर मांडलं, एकीला उचलून काचेआड ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही राहू दे बाहेर. बाळाला होईल." एका बाईनं माझ्या कडांवरून काळजीनं अंगठा फिरवला. तिला काही टोचलं नाही. तिनं मला गरम पाण्यात धुतलं आणि सतरंजीवर ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू वाईट नसतात. त्यांना जपा, त्यांच्या गोष्टी ऐका. पण रंगाचे पापुद्रे सुटणारं जुनं खेळणं दिसलं तर ते घासू नका, धुऊन चालेल असं समजू नका, लहानग्याच्या हाती लागू देऊ नका. मोठ्यांना सांगा. मोठी माणसं हसली तर पुन्हा सांगा. मला सांगता येत नाही, तुम्हाला येतं.

सतरंजीच्या त्या टोकाला एक बाळ पालथं पडलं आहे. त्यानं मला बघितलं आहे. ते कुणाचं बाळ, कुठलं घर, मला ठाऊक नाही. तुमचंही असेल. म्हणून हे वाचणं इथेच थांबवा. उठा, आणि तुमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस कुठल्या खोलीत आहे, ते बघून या. गप्प खेळत असेल, तर आधी जा. त्याची मूठ उघडून बघा.