सावकाश वाचावे

आमच्या हायस्कुलात वर्षाच्या शेवटी अहवालवाचन असतं. विज्ञान, खेळ, चित्रकला, संगीत, ग्रंथालय, बाग आणि सुतारकाम असे सात विभाग. प्रत्येकाने वर्षभर काय केलं, कुठल्या मुलाने काय मिळवलं, ते सभागृहात सगळ्यांसमोर वाचायचं. रीत अशी की ज्याचं काम वाचलं जातं ते मूल आपल्या जागी उभं राहतं, टाळ्या होतात, ते खाली बसतं. बक्षीस नाही, हार नाही, फोटोसुद्धा नाही. पण तेवढ्या दहा सेकंदांसाठी आईबाप कामावर रजा टाकून येतात.

अकरा वर्षं हा अहवाल मीच लिहितो आणि मीच वाचतो. मी भाषेचा शिक्षक. देवाने गळा बरा दिलाय. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे हळूच एक कोटी सोडून माणसं हसवायची, हे मला न शिकवता येतं. "सर, तुम्ही वाचलंत की रिलेतला तिसरा नंबरसुद्धा पहिला वाटतो," असं खेळाचे सर म्हणायचे. मी वरवर नको नको म्हणायचो आणि आतून फुगायचो. खोटं कशाला बोलू.

वाचनाच्या आधी पंधरा दिवस सगळे विभाग आपला मजकूर माझ्याकडे देतात. विज्ञानाचा टाइप केलेला येतो, तक्त्यांसकट, पिना मारून. संगीताच्या बाई जांभळ्या शाईने लिहितात. खेळाचे सर काहीच लिहीत नाहीत; शिटी दातात धरून दारातच उभे राहतात आणि म्हणतात, "घ्या लिहून. रिले तिसरा, लांब उडी दुसरा, आणि खाली टाका, मैदानाला कुंपण नाही."

यंदा सुतारमास्तरांनी त्यांचा मजकूर आणून दिला तो लाकूड घासायच्या पॉलिशपेपरवर. एका बाजूला खरखरीत वाळू, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीतलं वाकडंतिकडं अक्षर.

"मास्तर, कागद मिळाला नाही का?"

"हा कागदच की सर. पाठ कोरी होती, म्हटलं कशाला वाया घालवा."

मी हसलो. तो फायलीत इतरांबरोबर ठेवला असता तर त्याच्या वाळूने विज्ञानाचे ते गुळगुळीत तक्ते खरवडून निघाले असते. म्हणून मी तो वेगळा, टेबलाच्या खणात टाकला. फायलीत सहा विभाग राहिले आणि सातवा खणात.

लिहायला बसलो तेव्हा फाइल उघडली, खण उघडला नाही. सुतारकामाच्या जागी दरवर्षीचं वाक्य घातलं: 'सुतारकाम विभागाचे उपक्रम नेहमीप्रमाणे समाधानकारकरीत्या पार पडले.' अकरापैकी निदान सात वर्षं मी हेच वाक्य वाचलं असेन आणि कुणाची तक्रार आली नव्हती.

इथपर्यंत विसरभोळेपणा म्हणता येईल. पण वाचनाच्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावताना तो खण मला लख्ख आठवला. दहा मिनिटांचं काम होतं. मी मनाशी म्हटलं, असून असून काय असणार त्यात, दोन स्टुलं आणि एक मांडणी. आणि वरचं बटण लावलं.

सभागृह भरलं होतं. डावीकडे मुलं वर्गवार, उजवीकडे पालक. विज्ञानाच्या मुलांनी वारा मोजायचं यंत्र केलं होतं, त्यांची चौघं उभी राहिली. ग्रंथालयातल्या एका मुलाने वर्षात दीडशे पुस्तकं वाचली होती, तो उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "आता याच्या आईने घरातली वाण्याची यादी लपवून ठेवावी, तीही वाचून काढेल." छान हशा पिकला. मी अगदी रंगात आलो होतो.

"सुतारकाम विभाग," मी म्हणालो.

आणि नववीच्या रांगेत शेवटून दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी उभी राहिली.

ती माझ्याच वर्गातली, दोन वर्षांपासून. बोलत नाही, हात वर करत नाही, मार्क मधले. सगळी पोरं तिला 'पाचर' म्हणतात. तिच्या खिशात लाकडाच्या बारीक पाचरी असतात; बाक डुगडुगला की कुणीतरी ओरडतं, "ए पाचर, इकडे ये गं!" आणि ती वाकून पायाखाली एक सरकवून जाते. माझं टेबलही तिनेच एकदा असं गप्प केलं होतं. मी 'थँक यू' म्हटलं होतं आणि धडा पुढे चालू केला होता.

ती घाईने उभी राहिली होती. मी अजून काही वाचलंही नव्हतं. बहुतेक आदल्या रात्रीपासून ती मनात उभीच असावी. दोन्ही हात स्कर्टवर घट्ट, आणि नजर उजवीकडे, पालकांच्या तिसऱ्या रांगेकडे. तिथे कडेला ठेवणीतले कपडे घालून एक बाई ताठ बसल्या होत्या.

मी माझं वाक्य वाचलं. 'नेहमीप्रमाणे समाधानकारकरीत्या.' पुढे काही नव्हतं. मुलगी उभीच. सभागृह गप्प. अशी गप्प जागा मला सहन होत नाही, ती भरायची मला सवय आहे.

"काय गं," मी म्हणालो, "मधल्या सुट्टीची घंटा तुला एकटीलाच ऐकू आली वाटतं?"

सगळं सभागृह हसलं. मुलं, पालक, पुढे बसलेल्या मुख्याध्यापिका बाईसुद्धा. मुलगी बसली. बसली म्हणजे पाय मोडल्यासारखी खाली गेली. मागे दाराशी सुतारमास्तर उभे होते. टाळी वाजवायला त्यांनी हात वर घेतले होते. ते हात तसेच, एकमेकांपासून वीतभर लांब, हवेत राहिले होते.

मी पुढचा विभाग वाचला. बागेचा. आवाजही लागला, हशाही मिळाला.

दोन दिवसांनी मास्तर शिक्षकांच्या खोलीत आले. ते भांडायला आले असते तर मला किती बरं वाटलं असतं! कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत म्हणाले, "सर, माझा तो कागद... त्यात काही चुकलं होतं का? अक्षर माझं वाईट आहे, मला माहितीये. लागलं नसेल तुम्हाला."

"मास्तर, मी तो वाचलाच नाही."

"हां," ते म्हणाले. पेन्सिल परत कानावर खोवली. "मग ठीक. मला वाटलं, वाचून गाळला."

ते गेल्यावर मी खण उघडला. अक्षर वाईट होतं, पण लागत होतं. लिहिलं होतं:

'शाळेत बाक एकंदर एकशे तेरा. पैकी चौसष्ट हलत होते. एका मुलीने वर्षभर मधल्या सुट्टीत एकेक घेऊन अठ्ठावन्न पक्के केले. सहांना नवीन फळी लागेल. स्पर्धेत गेली नाही, कारण अशी स्पर्धा नसते. मी फक्त रंधा धरायला शिकवला. तिची आई येणार आहे. सावकाश वाचावे.'

अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं कसं वाचायचं. ज्याने एवढं भाबडेपणाने सांगितलं, त्याचा कागद मी वाळू लागेल म्हणून बाजूला सारला. "देवा," मी म्हटलं, आणि पुढे काही सुचेना. मला, ज्याला कधी शब्द कमी पडला नाही.

मधल्या सुट्टीत मी कार्यशाळेत गेलो. ती शिकंज्यात फळी आवळत होती. मला बघून उभी राहायला लागली आणि मधेच थांबली. तेही मला लागलं.

"बाळ, माझं चुकलं. उद्या प्रार्थनेनंतर मी सगळं नीट वाचतो. सगळ्या शाळेसमोर."

"नको सर."

"अगं, तुझा हक्कच आहे तो."

"परत उभं करू नका मला." तिने शिकंज्याचा दांडा आणखी एक फेरा फिरवला. "मीच वेडी. आधीच उठले."

"वेडी नाहीस तू. आई काय म्हणाली?"

ती फळीकडे बघतच म्हणाली, "आईला वाटतंय मी थाप मारली. ती म्हणते, अर्धा दिवस कापून घेतला, ठेवणीतले कपडे काढले, आणि तू आपल्याच मनाने उभी राहिलीस. कशाला मोठेपणा सांगतेस खोटा. दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी."

आतापर्यंत मी माझ्या लाजेची काळजी करत होतो. तिथे पहिल्यांदा कळलं की माझी चूक अजून चालूच होती, एका घरात, रोज.

"मी जातो तिच्याकडे," मी म्हणालो.

"तुम्ही गेलात तर तिला वाटेल मी अजून काहीतरी केलं." मग जरा विचार करून, "जायचं तर जा. पण गोड बोलू नका सर. तुम्ही फार गोड बोलता."

आई लाँड्रीत कामाला होती. संध्याकाळी गेलो तेव्हा आत वाफ कोंदली होती, आणि ती उंच टेबलाशी शर्टांना इस्त्री करत होती. कॉलर, खांदे, बाह्या. हात थांबत नव्हता. काउंटरवर एक गिऱ्हाईक पावती चाचपत होतं.

"मी शाळेतला सर," मी सुरुवात केली. "खरं म्हणजे कसं सांगावं... आपल्या मुलीसारखी मुलगी..."

"काय केलं तिने?"

"तिने काही नाही."

"मग थोडक्यात सांगा सर. हे सगळे सातच्या आत द्यायचे आहेत."

थोडक्यात सांगितलं. कागद होता, मी तो खणात टाकला, वाचला नाही, आठवण झाली तरी उघडला नाही. तुमची मुलगी खरं बोलत होती. गिऱ्हाईकाने पावती शोधणं थांबवलं होतं. ऐकू दे, म्हटलं. सभागृहाएवढं नाही, पण एक तरी परका माणूस ऐकू दे.

"दाखवा," ती म्हणाली.

मी कागद पुढे केला. तिने ओले हात पुसले, पण घेतला नाही. "वाचा तुम्हीच. मला चष्मा लागतो, तो घरी आहे."

मी वाचला. सावकाश. एकशे तेराला थांबलो, चौसष्टला थांबलो. 'अशी स्पर्धा नसते' तिथे माझा आवाज चिरकला आणि मी तो सावरला नाही. 'तिची आई येणार आहे' हे वाचताना वर बघायची हिंमत झाली नाही.

इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमच्याकडे हे होतं."

"होतं."

"मग हसवलंत कशाला?"

"सवय," मी म्हणालो.

गिऱ्हाईक आपला गठ्ठा घेऊन, पैसे ठेवून, नमस्कार न करता निघून गेलं. तिने पुढचा शर्ट घेतला, टेबलावर पसरला, आणि त्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली.

"मीपण हसले होते सर," ती म्हणाली. "सगळे हसले ना. आजूबाजूला सगळे चांगले लोक, शिकलेले. मला वाटलं आपण नाही हसलो तर बरं दिसणार नाही. आणि तिने नेमकं तेव्हाच माझ्याकडे बघितलं." तिने शर्टाची कॉलर सरळ केली. "दोन दिवस मी तिला खोटारडी ठरवतेय, ते त्याच्यासाठी. मला माझं हसणं सहन होत नव्हतं."

मी आलो होतो तो ओझं उतरवायला, आणि अर्धं तिच्या डोक्यावर देऊन बसलो होतो. "ताई, तुमची काही चूक नाही," मी म्हणालो.

"गोड बोलू नका," ती म्हणाली. मायलेकी एकाच तोंडाच्या. "थांबा. ती येईल आता, डबा घ्यायला येते. तिच्यासमोर बोला."

मी काउंटरपाशी उभा राहिलो. बाकडं होतं, पण बसवेना. पंधरा मिनिटांत मुलगी आली, दप्तर खांद्यावर. मला बघून दारातच थबकली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "कागद माझ्याकडे होता. तू बरोबर वेळेला उभी राहिली होतीस. मी तुझी टर उडवली, ते वाईट केलं."

एवढंच. सजवावंसं वाटलं, शपथेवर सांगतो, पण जीभ दाताखाली धरली.

"बरं," ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नव्हती. दप्तर खाली ठेवलं, आईकडे बघितलं नाही.

"झालं सर," आई म्हणाली. "या आता. कागद राहू दे इथे."

मी कागद काउंटरवर ठेवला, वाळू खाली करून, आणि बाहेर पडलो. पायरी उतरून चप्पल नीट करायला वाकलो तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. जरा घोगरा.

"एवढं लाकूड तू आणतेस तरी कुठून गं?"

मुलगी बोलायला लागली. मोडकी खोकी, कुणाच्या तरी जुन्या पलंगाची पाटी, कुठला दुकानदार फुकट देतो आणि कुठला हाकलतो, ओली फळी वाळवायला किती दिवस लागतात. मध्येच आई म्हणाली, "हळू सांग गं," आणि ती आणखीच भराभर सांगू लागली. दोन वर्षांत माझ्या वर्गात ती एवढं बोलली नव्हती. ऐकत राहावंसं वाटत होतं. पण ते माझ्यासाठी नव्हतं. मी चपलेचा पट्टा तसाच सोडून चालू लागलो.